जवसाच्या तेलाचा थर

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर, बबलूच्या मोटारसायकलला उजव्या बाजूने मला बसवलं आहे. नवा होतो तेव्हा तांड्यातली पोरं माझ्यात तोंड पाहून दात काढायची. आता कुणी पाहत नाही, आणि पाहिलं तरी काही दिसणार नाही.

थकलो आहे मी. पावसाळाभर शेतातली काळी माती उडते आणि माझ्या तापलेल्या अंगावर भाजून घट्ट बसते. मागे बांधलेलं युरियाचं पोतं घसरलं की त्याचं प्लास्टिक वितळून चिकटतं. तेही सोसलं असतं. पण मला खरं काळं केलं ते मायेनं.

बबलूची आई सुखीबाई. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बैल. पोळ्याला ती त्यांच्या शिंगांना जवसाचं तेल चोळायची. बैल विकले, गाडी आली, आणि दसऱ्याच्या पूजेला ती तेच तेल माझ्या अंगाला चोळू लागली. "कसा चमकून राह्यला," असं कौतुकाने म्हणायची. दुसऱ्या दिवशी बबलूने किक मारली की धूर निघायचा, आणि तेल जळून तपकिरी थर धरायचा. घासूनही पुरता न निघता वर्षामागून वर्षं तो जाड आणि काळा होत गेला.

तो खरवडायचं काम सुनेचं, शीलाचं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ती मला लेप द्यायची, मग तारेच्या घासणीने घासत बसायची. बोटांची सालं निघायची. दसऱ्यानंतर लगेच कापसाची वेचणी, आणि बोंडांची टोकं नेमकी तिथेच टोचायची. इकडे मला पुन्हा तेल. आगीतून निघून फुफाट्यात, हे आम्हा दोघांचं ठरलेलं. हा थर तेलानेच बसतो, असं गॅरेजवाल्याने बबलूला सांगितलं होतं, पण त्याने तो विषय घरी काढला नाही. घासायचं थोडंच त्याला होतं. शीलाला ते घासता घासताच उमगलं.

यंदा दसऱ्याच्या सकाळी मला घासून शीला उठत होती, तोच सुखीबाई तेलाची वाटी घेऊन आली. शीला आडवी उभी राहिली.

"याडी, तेल नका लावू. या तेलानंच थर बसते."

याडी म्हणजे आई. पण सासूला असं अडवायची रीत आमच्या घरात नाही. सुखीबाई थबकली.

"काहून? बैलाच्या शिंगाले लावत नव्हतो काय?"

"शिंग तापते काय? हा तापते. मंग मले घासा लागते. उद्या वेचणी हाय, अन् हे पाहा हात."

सुखीबाईने ते हात हातात घेतले. बोटं उलली होती, चिरांमध्ये काळं भरलं होतं. मला वाटलं, आता ही ओरडणार.

"मले कोनी सांगतलंच नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

मग ती तिथेच पायरीवर बसली, शीलाला समोर बसवलं, आणि एकेक बोट धरून तिला तेल चोळू लागली. वाटी रिकामी झाली. हँडलला हळदकुंकू लागलं, माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मला खूप बरं वाटलं.

मित्रांनो, सायलेन्सर गार झाला की ओल्या फडक्याने पुसत जा, म्हणजे माती भाजून बसत नाही. आणि सणाच्या दिवशी गाडीला तेल लावायला निघालात, तर ती घासली कुणी, ते आधी विचारा.