आत्यांचा एकटीचा फोटो

आमच्या ईट गावच्या खव्याची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला. लोगोत आत्यांचा चेहरा पाहिजे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कमलबाई. पहाटेपासून भट्टीपुढं उभं राहून कढईत उलथणं फिरवणारं माणूस आमच्या घरात एकच, आणि बाजारात मात्र माल ओळखला जातो 'उत्तरेश्वरचा खवा' म्हणून. उत्तरेश्वर म्हणजे माझे सासरे, मामा. ते दूध घेतात, माल बाजारात पोचवतात आणि उरलेल्या वेळात पारावर बसून खवा कसा करावा ते लोकांना सांगतात. सांगतात मात्र झकास.

भूममध्ये फ्लेक्स छापणारा युवराज आता वेबसाइटही करून देतो. त्यानं फोनवर विचारलं, "वहिनी, ब्रँडचा चेहरा कोण?" मी तिथल्या तिथं आत्यांचं नाव सांगितलं. घरात कुणाला विचारायचं राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, मुद्दामच नाही विचारलं. विचारलं असतं तर चुलत्यापासून आतेभावापर्यंत सगळ्यांचे फोटो रांगेनं लागले असते. आमच्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वाढदिवस नेमका कुणाचा, ते शोधावं लागतं.

फोटो हुडकायला बसले तर आत्यांचा एकटीचा फोटो घरात नव्हताच. लग्नाकार्यातल्या फोटोंत त्या कुणाच्या तरी खांद्यामागं, नाहीतर कडेवर कुणाचं तरी पोर. शेवटी मीच मोबाइल घेऊन भट्टीवर गेले.

"आत्या, इकडं बघा."

"आगं, अवतार बघ माजा! घामानं निथळाय लागलेय म्या."

"तसंच पाहिजे."

"मग पदर तरी घिऊ दे नीट."

त्यांनी पदर घेतला, कपाळ पुसलं आणि हसल्या. इतकं मोकळं हसू मी या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"ह्यो डब्यावर यिनार? माजा?"

"डब्यावर आणि साइटवर पण."

"लोक काय म्हनतील गं," त्या म्हणाल्या, पण फोटो परत एकदा दाखव, असंही म्हणाल्या.

युवराजचा हात फ्लेक्सवर बसलेला. त्यानं चेहरा गोलात घातला, भोवती झेंडूची फुलं लावली, दोन्ही बाजूंना समया ठेवल्या आणि खाली मोठ्या अक्षरात 'कमलबाई' लिहिलं. खवा आणि पेढे हे शब्द नंतर टाकतो म्हणाला. मला त्यातलं फक्त हसूच दिसलं. आनंदाच्या भरात मी तो लोगो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सोबत काही लिहिलं नाही. दिसतंय की सगळं, असं वाटलं.

पहिलं उत्तर परंड्याच्या चुलत नणंदेचं आलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' पुढं जोडलेले हात. त्याखाली 'विश्वास बसत नाही', त्याखाली 'माउली गेली'. मी घाईघाईनं खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात घरात विसरलेला मामांचा फोन वाजला आणि तो आत्यांनीच उचलला. सोनारीहून त्यांचे थोरले भाऊ बलभीम बोलत होते. रडणं मला लांबूनही ऐकू येत होतं.

"दाजी, कसं झालं वो? कवा न्यायचं हाय? आमी निगालोच."

"दादा, म्या बोलतीय. जिती हाय म्या."

पलीकडून मोठा आवाज आला. "मग फोटूला फुलं कुनी लावली?"

मला हसू आवरेना. आत्याही पोट धरून हसल्या. ते हसू संध्याकाळी मामा घरी येईपर्यंतच टिकलं.

"जित्या बाईला फुलं आन समया? सोनाली, डोकं ठिकानावर हाय का तुजं?"

"चुकलं, मामा. फुलं, समया सगळं काढते. नुसता चेहरा ठेवू."

"नुसता तर आनखीच वंगाळ. बाईमानसाचा एकटीचा फोटू कवा लागतो, सांग की."

मी गावातली घरं मनातल्या मनात आठवून पाहिली. भिंतीवर एकट्या बाईचा फोटो जिथं जिथं होता, तिथं त्याला हार होता. मी माझ्या नवऱ्याकडं, दिग्विजयकडं पाहिलं. ते मोबाइलमधून मान वर न काढता वडलांकडं बोट करत म्हणाले, "आण्णांचाच लावू. लोक बी त्यांनाच वळखत्यात."

"आत्या, तुम्ही तरी बोला की!"

आत्या भाकरी थापत होत्या. "ऱ्हाऊ दे बाई. आपशकुन नगं." त्या चिडल्याही नव्हत्या. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. चिडल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा फेटा बांधून, कडक इस्त्रीचे कपडे घालून भट्टीपुढं उभे राहिले. उलथणं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"आगं, ह्ये धरत्यात कसं?"

आत्यांनी त्यांची बोटं दांड्यावर बसवली. फेटा जरा सरळ केला. मग कढई डुगडुगू नये म्हणून फडक्यानं तिची कडी धरून त्या एका बाजूला वाकून बसल्या. फोटो मलाच काढावा लागला. मी नाही म्हटलं असतं तर दिग्विजयनी काढला असता, एवढाच फरक.

फोटोच्या कोपऱ्यात आत्यांचा हात आला होता. फडकं आणि हिरव्या बांगड्या. मी तो मुद्दाम तसाच पाठवला. तेवढं तरी राहील, असा माझा हिशेब.

संध्याकाळी युवराजनं लोगो पाठवला. मामा ऐटीत उभे, खाली 'उत्तरेश्वर यांच्या हातचा खवा'. कोपरा स्वच्छ. सोबत निरोप होता, 'वहिनी, कडेला काहीतरी आलं होतं, ते पुसून टाकलंय.' मी काही लिहायच्या आत दिग्विजयनी ग्रुपवर टाकलासुद्धा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. सोनारीहूनही आलं, 'दाजी, एक नंबर!'

आत्यांनी माझा मोबाइल मागून घेतला. मामांचा लोगो पाहिला.

"झ्याक दिसत्यात," त्या म्हणाल्या. मग बोटानं एकेक फोटो मागं सारत झेंडूच्या फुलांतल्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यापाशी येऊन थांबल्या. पदराच्या टोकानं काच पुसली.

"ह्यो पुसू नगंस," म्हणाल्या. "चांगला आलाय. पुढं लागंलच की."

भट्टीवर दूध वर आलं होतं. त्या लगबगीनं उठून गेल्या.