बन्सीच्या दाराचा अडसर

मित्रांनो, माझ्या अंगावर लाखेचं सील आणि नंबराची चिठ्ठी आहे, तिला घाबरू नका. मी साधा बाभळीचा अडसर आहे. दार आतून लावलं की दोन्ही भिंतींच्या खाचांत आडवं बसायचं, एवढंच माझं काम. जामखेडजवळच्या एका खेड्यात सुताराने मला तासून काढलं, तेव्हा तो म्हणाला होता, "हत्ती आला तरी दार उघडायचं न्हाई." मला केवढा अभिमान वाटला! मूर्ख होतो मी.

घर बन्सीचं. लंकाबाई त्याची बायको. तो मला दिवसाढवळ्या लावू लागला, तेव्हा गावात चोरांचा सुळसुळाट झाला असेल असं मला वाटलं. मग त्याने खुंटीवरचा आसूड काढला आणि माझ्या ध्यानात आलं, भीती बाहेरची नव्हतीच. शेजारची मेहताब धावत यायची, दार ढकलायची. "बन्सीभाऊ, सोडा तिला!" म्हणून ओरडायची. मी जागचा हललो नाही. बाकीचं गाव म्हणे, दार लागलं म्हणजे घरातली गोष्ट. अकरा वर्षं हे माझ्या आडून चाललं, याची मला लाज वाटते.

लंकाबाई तीनदा पळाली. एकदा बापाने परत आणून घातली, एकदा भावाने. तिसऱ्यांदा ती पार श्रीगोंद्यापर्यंत पोचली होती, तिथून गावचा पोलीस पाटील घेऊन आला. दर खेपेला मार वाढत गेला. शेवटी बन्सी म्हणाला, "आता गेलीस तर हिरीत सापडशील."

त्रेचाळीस सालच्या चैत्रातली ती दुपार. बन्सी मारून दमला आणि बाजेवर आडवा झाला. त्याला झोप लागली होती, हे मी लपवणार नाही. लंकाबाईने मला खाचेतून काढलं. दार किलकिलं झालं. बाहेर ऊन रखरखत होतं, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ती मला धरून उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली.  मग ती आत वळली.

पुढचं तुम्ही समजून घ्या. माझ्याच्याने सांगवत नाही.

नगरच्या कोर्टात मला टेबलावर ठेवलं. लंकाबाईला फाशी होणार की नाही, एवढाच प्रश्न होता. सरकारी वकिलांनी मला उचलून दाखवलं. "अडसर आतल्या बाजूने होता. नवरा झोपेत होता. हिने दार उघडलंही होतं. मग ही निघून का गेली नाही?"

"कुटं जाऊ, साहेब?" लंकाबाई म्हणाली. "जितं गेले तितनं मला माघारी आनलंच की."

 न्यायाधीश म्हणाले, बाईचे हाल झाले हे खरं, पण झोपलेल्या माणसाला मारायची मुभा कायदा देत नाही. फाशी टळली, जन्मठेप झाली. मला विचाराल तर जीव घेणं वाईटच. पण तिला माघारी आणणाऱ्या तिघांना कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही, हे माझ्या लाकडी डोक्यात अजून शिरलेलं नाही.

परवा बन्सीचा धाकटा भाऊ काकासाहेब कोर्टाच्या कारकुनाकडे आला होता. "आमचा आडसर द्या की, साहेब. बाभळ लई चांगली हाय. माझं लगीन ठरलंय, त्याच घरात ऱ्हायचंय." त्याचा अर्ज मंजूर झाला. सोमवारी तो मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, मला चुलीत घातलं असतं तर बरं झालं असतं. आता मी पुन्हा त्याच खाचांत बसेन आणि अडवीनसुद्धा, कारण मला दुसरं काही येतच नाही. नवी नवरी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. आतून तिचा आवाज आला, तर दार लागलंय म्हणून मागे फिरू नका. एकट्यादुकट्याला मी दाद देणार नाही. चौघं मिळून या आणि मला मोडा.