बाकड्याचं दुसरं टोक

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमचं बाकडं दोन माणसांपुरतं होतं. आता त्याचं एक टोक देवळाच्या मंडपात आहे आणि दुसरं तळ्यापलीकडच्या माडांत. त्या टोकावर बाबा बसले आहेत.

दशावतारात मंचावर सामान म्हणजे एवढं बाकडंच. तेच सिंहासन, तेच अरण्य. संवाद लिहिलेले नसतात. समोरच्याच्या बोलण्यातून सुचेल ते बोलायचं. आमच्या मंडळींचा एकच नियम होता: बाकड्यावर बोललेलं खरं धरायचं, मागे घ्यायचं नाही.

त्या दुपारी मी सुट्टीवर आले होते. बाबा, पेटीवाले गुणाजीकाका आणि मृदंगावरचा सुर्याजी एक नवं कथानक चाचपून बघत होते. राणीचं काम करणारा आला नव्हता. बाबा मला म्हणाले, बस. मास्तरीणबाईंना आधी कुणीतरी पुस्तक द्या, असं सुर्याजी म्हणाला. मी बसले. राजा झालेल्या बाबांनी राणीला विचारलं, सैन्य परतलं, मग नगरात दिवे का नाहीत? सुचलं ते बोलले.

"राजा गेला," मी म्हणाले.

सुर्याजी हसला. बाबा हसले नाहीत.

"मगे हय बसलोहा तो कोण, राणीसाहेब?"

आपण मेलोय हे न कळलेला राजा झाले ते. पुढे आम्ही चौघांनी जे उभं केलं ते आधी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. समोरचा माणूस वाक्याच्या शेवटापर्यंत ऐकायचा असतो, हे मी त्या दुपारी शिकले. इतकी वर्षं शिकवत होते, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. दहन झालं. परत आलो तेव्हा ते मुकुट घालून बाकड्यावर बसले होते.

समाचाराला येणारा प्रत्येकजण बाकड्याच्या या टोकाला माझ्या शेजारी टेके आणि काहीतरी बोले. सोन्यासारखा माणूस. बाकडं वीतभर लांबे. हाल झाले नाहीत, बरं झालं. आणखी वीतभर. मंडपाची एक भिंत काढावी लागली. पंचायतीनं रस्ता वळवून घेतला. मग घरी बोललेलंही मोजलं जाऊ लागलं. स्वयंपाकघरातली एक फरशी हलत होती, ती उचलली तर खाली तेच लाकूड होतं. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं.

गुणाजीकाकांनी मात्र पेटीवरचा सूर सोडलेला नाही. आज ते म्हणाले, "बाय, तुझा वाक्य येयपर्यंत राजा उठाचो नाय."

मी हातानं तळं दाखवलं.

"दिसता माका," ते म्हणाले. "पण त्येणा पाय मोकळे करूचे नाय?"

मी लहानात लहान वाक्य शोधत बसले. ते सापडलं नाही.

"बाबा, माका तुमच्याबरोबर काम करूचा होता. शाळेत असल्यापासून."

लाकूड करकरलं. माडांच्याही पलीकडे, फार लहान झालेल्या बाबांनी मान वर केली, मुकुट सावरला आणि नीट ऐकू न आलेल्या माणसासारखा हात कानामागे धरला.

मी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.