मधल्या मुलीची उंची

चेतना परबच्या क्लासात एका चुकीला माफी नव्हती. ताल चुकला तर ती दांडी लाकडी ठोकळ्यावर आपटून 'पुन्हा' म्हणायची, पाऊल चुकलं तर पायाकडे नुसती बघायची. पण समोर नसलेल्या माणसाची उंची चुकली, की बाई भडकलीच म्हणून समजा. "मघाशी कृष्ण तुझ्या कपाळाएवढा होता, आता कमरेएवढा कसा झाला गं? धुतल्यावर आटला की काय?" पोरी फिदीफिदी हसायच्या. पण म्हणत होती ते खरंच होतं. भरतनाट्यमात मुलगी स्टेजवर एकटी उभी असते. सखी, सासू, देव, चोर सगळे हवेतच. हवेतल्या माणसाचे डोळे कुठे, खांदा कुठे, हे एकदा ठरलं की बोटभरही हलायचं नाही. "आधी तुला दिसू दे, मग दाखव. तुलाच दिसलं नाही, तर खुर्चीतल्या माणसाला काय कप्पाळ दिसणार?" हे ती मरोळ गावठाणातल्या त्या जुन्या हॉलमध्ये बारा वर्षं ओरडत आली होती. पोरींना दिसेपर्यंत ती सोडायची नाही.

गेल्या वर्षी तिने सात मुलींचा एक नाच बसवायला घेतला. पहिला अर्धा भाग भरतनाट्यम, दुसरा कंटेम्पररी. दुसऱ्या भागात सहा जणी एकेक करून मधल्या सातवीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यावर अंग टाकायच्या, टाचा उचलून, अगदी रेलून. मधली उभी राहायची, हलायची नाही. ती मधली म्हणजे गावठाणातलीच बेव्हर्ली. वय तेरा, अंगाने दणकट, हसरी, आणि सांगितलेलं ऐकणारी. सप्टेंबरात ती तापाने गेली. चार दिवसांत खेळ खलास.

आता खोटं कशाला बोला, त्या तापाच्या पहिल्याच दिवशी बेव्हर्ली क्लासला आली होती. अंग तापलं होतं तिचं. चेतनाला ते कळलं होतं, आणि तरीही तिने तिला दोन तास उभी ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते की त्याने काही फरक पडला नसता. पण चेतनाला ते पटत नव्हतं, कधीच पटणार नव्हतं. बेव्हर्लीच्या आईला, क्लॅरिसला, यातलं काही माहीत नव्हतं. पोरीने ताप सगळ्यांपासून लपवला असंच ती धरून चालली होती. क्लासातल्या सहा जणींनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. गप्प राहा असं चेतनाने सांगितलं नव्हतं. बोला असंही सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी क्लास सुरू झाला तेव्हा पोरी रडायला लागल्या. मग चेतनाने तिला जे येत होतं तेच केलं. "मधली जागा कोणी भरायची नाही," ती म्हणाली. "बेव्हर्ली आहे असं धरून नाचायचं. खांदा कुठे, डोळे कुठे, सगळ्यांना माहीत आहे. वजन आपलं आपण सांभाळा, रेलल्याचं फक्त दाखवा." पोरींनी डोळे पुसले आणि नाचल्या. काय नाचल्या! 

मार्चमध्ये स्पर्धेला नाव घातलं, म्हणून ती एका दुपारी घरी बसून मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ ओळीने बघायला लागली. हॉलच्या मागच्या भिंतीला मोठी खिडकी, तिला आडवे गज. ऑक्टोबरच्या व्हिडिओत पोरींचे हात खालून चौथ्या गजाशी होते. नोव्हेंबरात तिथेच. डिसेंबरात थोडे वर. फेब्रुवारीत हात पाचव्या गजाला लागले होते, आणि सहाही जणींचे अगदी एका रेषेत. एकीचा चुकला असता तर ती चूक म्हणता आली असती. नजराही तितक्याच वर गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. तिने तो तुकडा पाच वेळा मागे-पुढे केला. सहा जणींतली निधी रेलत होती तेव्हा तिच्या दोन्ही टाचा वर होत्या आणि सगळं अंग पुढे झुकलं होतं. तसं एकटीने उभं राहणं कोणाच्या बापाला जमणार नाही, चेतनालाही नाही. निधी आठ मात्रा तशीच राहिली होती.

पुढच्या क्लासला तिने निधीला बाजूला घेतलं. निधी ग्रुपमधली सगळ्यात मोठी, पंधराची.

"हात वर का जातायत गं तुमचे?"

"खांद्यावर ठेवतोय ना, ताई."

"तिचा खांदा इथे होता," चेतनाने हाताने दाखवलं.

"तेव्हा होता," निधी म्हणाली. "आता उंच झालीय ती."

ही पोरगी फाजीलपणा करत असती तर चेतनाने तिला तिथल्या तिथे झापलं असतं. पण निधीचा चेहरा साधा होता. शेजारची नववीत गेली, असं सांगावं तसं तिने सांगितलं.  चेतना ठोकळ्यापाशी बसली आणि तासभर नुसती दांडी आपटत राहिली, कोणाकडे बघितलं नाही. मधल्या जागेकडे तर नाहीच.

घरी जाऊन तिने ठरवलं, बस झालं. जागा भरायची. छोट्यांच्या बॅचमध्ये यव्होन नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, बाराची, पाठांतराला पक्की. रविवारी दुपारी तिला बोलावून घेतलं.

त्या रविवारी नेमकी क्लॅरिस ड्रेस घेऊन आली. ग्रुपचे कपडे तीच शिवायची. विमानतळाच्या बाजूला कुठल्याशा ऑफिसात नोकरी, आणि घरी मशीन. पिशवीतून तिने एकेक ड्रेस काढून टेबलावर मांडला. चेतनाने मोजले. सात होते.

"क्लॅरिस, सहाच सांगितले होते ना?"

"हा बेव्हर्लीचा," क्लॅरिस म्हणाली. "खाली चार बोटं सोडला. पोरी बोलल्या, आखूड होईल." मग तिने मान वळवून निधीला विचारलं, "अजून वाढली काय गं?"

निधीने हात वर करून उंची दाखवली. क्लॅरिसने टेप काढला, जमिनीपासून निधीच्या हातापर्यंत लावला, आणि आकडा वाचून तिचा चेहरा असा फुलला, की चेतनाला तिकडे बघवेना. "केवरी झाली माजी पोर," ती म्हणाली. "बापावर गेली. टीचर, तुमी किती केलं माज्यासाठी, मी कधी बोलली नाय." आणि तिने चेतनाचा हात हातात घेतला.

लाज म्हणजे काय ते चेतनाला त्या क्षणी कळलं. या बाईला सगळं सांगून टाकावं, असं वाटलं खरं. तिने हात सोडवून घेतला आणि उगाच मोठ्याने म्हणाली, "चला, जागा घ्या. यव्होन, तू मध्ये."

"हिला मधी कशाला?" क्लॅरिसने विचारलं. 

चेतनाने दांडी ठोकळ्यावर मारली. पहिला भाग ठीक गेला. दुसरा सुरू झाला, आणि सहा जणी मधोमध येऊन रेलायला लागल्या. त्यांचे हात यव्होनच्या डोक्यावरून गेले. एकीचाही खाली आला नाही. यव्होन त्या हातांखाली उभी होती आणि कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्या डोक्याच्या वर, एकाच जागी. मग यव्होनने मोजणं सोडलं आणि ती बाजूला सरकली.

"काय झालं गं?"

"तिथे गरम होतंय," यव्होन म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "कोणाच्या तरी अंगाला चिकटून उभं राहावं ना, तसं. मला नको ती जागा." आणि ती दारापाशी जाऊन चपला शोधायला लागली.

सहा जणी रेललेल्याच होत्या. टाचा वर, अंग पुढे, मधे काही नाही. वर पंखा फिरत होता. चेतना उठली आणि त्यांच्यामधून हात आत घातला. बाराही महिने पोरींची अंगं सरळ करणारा तिचा हात. माणसाचं अंग कुठे सुरू होतं ते त्याला न बघता कळायचं. ताप होता तिथे. चढलेला, हाताला चटका बसावा असा ताप. सहा महिन्यांत तो उतरला नव्हता. सहा महिने ही पोर तापात उभी होती आणि तापातच वाढत होती.

"बास," चेतना म्हणाली. "सोडा. थांबूया आज."

पोरी सरळ झाल्या, पण जागा सोडली नाही. "आम्ही थांबू, ताई," निधी म्हणाली. "ती कशी थांबेल? तुम्ही तिला बसायला सांगितलंच नाही."

"बसायला म्हणजे?" क्लॅरिस पुढे आली. तिच्या हातात तो सातवा ड्रेस होता. "टीचर, काय बोलते ही?"

आता सांगितलं तर या बाईच्या चेहऱ्यावरचं ते सगळं जाणार होतं. महिन्याला बोटभर वाढणारी तिची मुलगी जाणार होती. नाही सांगितलं, तर पोर तशीच उभी राहणार होती. किती वर्षं? चेतनाने ठोकळ्यावरची दांडी उचलली, परत खाली ठेवली.

"क्लॅरिस, तिने ताप लपवला नव्हता," ती म्हणाली. "आल्या आल्या सांगितलं तिने मला. मी कपाळाला हात लावून बघितला, चांगला तापला होता. पण त्या दिवशी माझा नाच पहिल्यांदाच नीट बसत होता, आणि मधली नसती तर सगळं मोडलं असतं. तिने तीनदा विचारलं, टीचर, बसू का. तीनदा. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, मी सांगेपर्यंत हलायचं नाही. दोन तास हलली नाही ती. मग मी घरी पाठवली. जातानासुद्धा मी तिला बस म्हटलं नाही."

 क्लॅरिसचं तोंड उघडंच राहिलं. चेतनाला आता थांबता येत नव्हतं, थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. ती मधल्या जागेकडे वळली. तिला तिथे काही दिसत नव्हतं. इतक्या पोरींना बघायला शिकवलं आणि स्वतःला काही दिसत नव्हतं. तिने निधीचे डोळे बघितले, ते जिथे बघत होते तिथे आपले डोळे लावले, आणि म्हणाली, "बेव्हर्ली, चुकलं माझं. बस, बाळा. बस आता."

सहा जणींच्या नजरा हळूहळू खाली यायला लागल्या. पाचवा गज, चौथा, तिसरा. एकाच वेगाने, एका रेषेत. जमिनीपासून हातभर अंतरावर येऊन थांबल्या. मग अजून थोड्या खाली गेल्या, आडवं होणाऱ्या माणसाबरोबर जातात तशा, आणि सगळ्यात धाकटीने डोळे मिचकावून इकडेतिकडे बघितलं. निधीने खांदे चोळले. "ताई, पाणी पिऊ?" तिने विचारलं.

"उठव तिला," क्लॅरिस म्हणाली.

चेतना तिच्याकडे वळली.

"तुजं ऐकते ना ती? तुजंच ऐकली ना मरेपर्यंत? मग उठव!" क्लॅरिसने तिच्या दंडाला धरून हलवलं, मग मुठीने खांद्यावर मारलं, पुन्हा मारलं. चेतनाने हात आडवा केला नाही. "तू मना कायच सांगायचं नवतंस. मी काय विचारलं होतं तुला? वाढत होती माजी पोर! उठव तिला!"

"नाही," चेतना म्हणाली. रडत होती, पण शब्द स्पष्ट आला. "नाही उठवणार. तुम्ही मला काहीही करा. तिला बसू दे."

क्लॅरिसने हात मागे घेतला.  मग पोरींमधून वाट काढत मधे गेली आणि गुडघ्यांवर बसली. ड्रेस मांडीवर ठेवला, आणि आजारी पोराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फरशीवरून फिरवला, इथे, तिथे, पुन्हा इथे.

"गार आहे," ती म्हणाली.

दारात यव्होन एका पायात चप्पल घालून उभी होती. तिला कोणी जा म्हटलं नाही, म्हणून ती गेली नाही.