तीनदा लिहिलेले वाक्य

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. कागदाचे नव्हे, त्यामुळे मला वाळवी लागत नाही आणि माझ्यात कुणी शेंगदाणेही बांधून देत नाही. मी इंटरनेटवर राहते, घरदुरुस्तीच्या एका विकीवर. विकी म्हणजे पुष्कळांनी मिळून लिहिलेली, कधीच पुरी न होणारी वही. तिच्यात कुणीही लिहावे, दुसऱ्याचे चुकले तर सुधारावे; फक्त बदल का केला, त्याची एक ओळ खाली लिहायची. जुने रूप पुसले जात नाही, ते माझ्या पोटात जपलेले असते. मला डोळे नाहीत, कान नाहीत. माझ्यावर कोण काय लिहितो आणि वाचणाऱ्याचे बोट कुठे थांबते, एवढेच मला कळते.

ही विकी बंगळुरूच्या राजाजीनगरात राहणाऱ्या भाग्यलक्ष्मीअक्कांनी सुरू केली. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. गळका नळ, फुगलेले दार, भिंतीची ओल यांविषयी घरातल्या भाषेत काही वाचायला मिळेना, म्हणून त्यांनी ओळखीच्या जाणत्या माणसांना लिहिते केले. मी हणमंतरावांच्या वाट्याला आले. बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे यंत्रांची देखभाल केली होती, आणि माझा विषय होता घरासमोरची जमिनीखालची पाण्याची टाकी कशी साफ करावी. इथे तिला संप म्हणतात. नळाचे पाणी इथे रोज येईलच असे नाही. ते आणि टँकरचे पाणी याच टाकीत साठते आणि मोटरने गच्चीवर चढते.

हणमंतराव एका बोटाने टाइप करत. लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. आठवडाभर हे चालले होते. शेवटी सहा पायऱ्या तयार झाल्या: आधी मोटरचा स्विच बंद करा, मग पाणी उपसा, मग झाकण उघडे ठेवून टाकीत वारा खेळू द्या म्हणजे कोंडलेली विषारी हवा निघून जाईल, आणि चौथ्या पायरीला आत उतरून गाळ काढा. पुढच्या दोन पायऱ्या घासण्या-धुण्याच्या. पण एक वाक्य त्यांनी तीनदा लिहिले. सगळ्यात वर, चौथ्या पायरीत आणि अगदी शेवटी. ‘टाकीत एकट्याने उतरू नका, दोर धरून वर एक माणूस उभा ठेवा.’ बदलाचे कारण लिहायच्या जागी त्यांनी दोनच शब्द टाकले: ‘हवे आहे.’ आणि पान बंद केले.

पुढची चार-पाच वर्षे माझी चैनीची होती. उन्हाळा लागला आणि टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्यावर बोटांची रीघ लागे. कुणी फोटो जोडला, कुणी दुकानात काय मागायचे ते कन्नड शब्द लिहून ठेवले. एका गृहस्थांनी माझ्या मधोमध स्वतःच्या फिल्टरची जाहिरात चिकटवली, ती अक्कांनी तासाभरात काढून टाकली. ‘या पानामुळे आमचे काम सोपे झाले’ असे कुणी लिहिले की मी शेफारून जाई.

मग लोक व्हिडिओ बघू लागले. माझे फोटो एकेक करून दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या. हणमंतरावांना डोळ्यांनी नीट दिसेना, त्यांचे येणे थांबले. दोन वर्षे माझ्यावर कुणी एक अक्षर लिहिले नाही. आपण अडगळीत पडलो आहोत, हे कळायला डोळे लागत नाहीत.

अशा वेळी अक्षरा आली. ती पुण्याची, नोकरीसाठी बंगळुरूला आलेली. सगळी विकी नीट लावून देते म्हणाली, तेव्हा अक्कांना हायसे वाटले. मुलगी कामाला वाघ होती. तिने माझे फोटो परत आणले, चुकलेली अक्षरे सुधारली, लांबलेली वाक्ये छाटली. जाता जाता ते तीनदा आलेले वाक्यही तिने दोन ठिकाणांहून काढले. फक्त सगळ्यात वरचे ठेवले. कारण लिहिले: ‘तेच वाक्य पुन्हा पुन्हा आले होते. पान आटोपशीर केले.’

तुमच्यापासून लपवत नाही, मला फार आनंद झाला. मी पुन्हा नीटनेटके दिसत होते. काय गेले आणि ते तिथे का होते, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

प्रत्येक पानाच्या मागे चर्चेची एक जागा असते, परसदारासारखी. दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी तिथे यल्लव्वा नावाच्या बाईंनी लिहिले. त्या आणि त्यांचे यजमान देवाप्पा मूळचे बेळगावकडचे, आता इथे बंगळुरूतच जे. पी. नगरात राहतात. त्यांचे लिहिणे असे होते: “आमी गावाकडनं लई दिसांनी आलो. टाकी बंदच होती. ह्यांनी सकाळी तुमचं पान बघत बघत झाकण काढलं आन् आत उतराय लागले. छातीपर्यंत गेले आन् घेरी आली. मी स्वल्प चहा घेऊन बाहेर आलते, म्हणून काखेत हात घालून वर वडलं. शेजारच्या बाई धावल्या. आता बरे हाईत. पण एकट्यानं उतरू नका, असं तुमी लिवलं का न्हाई?”

अक्षराने लगेच क्षमा मागितली, पण ते वाक्य पहिल्याच ओळीत आहे हेही कळवले. यल्लव्वांचे उत्तर आले: “हाय की वर. पण आमचे हे चौथी पायरी वाचत होते. तिथं कुठं हाय?”

त्या सकाळचे ते बोट मला चांगले आठवत होते. पाणी आधीच उपसून झाले असावे, म्हणून ते वरचे सगळे सोडून थेट चौथ्या पायरीवर आले होते आणि तसेच पुढे गेले. त्याला अडवायला माझ्याजवळ तिथे काही नव्हते. माझ्या आटोपशीरपणाची मला लाज वाटली.

अक्कांनी हणमंतरावांना फोन करून सगळे वाचून दाखवले. त्यांनी सांगितले ते अक्कांनी जसेच्या तसे टाइप केले.

“खंडोजी माझ्याबरोबर कारखान्यात होता. त्याच्या घरची टाकी आम्ही दोघं साफ करणार होतो. मी येईपर्यंत उतरू नकोस, असं त्याला सकाळी फोनवर एकदा सांगितलं. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाला. मी पोचलो तेव्हा तो आत पडला होता. बाहेर काढला, पण उपयोग नव्हता. एकदा सांगितलेलं माणूस काम हातात घेईपर्यंत विसरतो, म्हणून मी तीनदा लिहिलं. त्याचं कारण लिहायला मात्र माझा हात धजला नाही. पोरीला बोल लावू नका, तिला कळणार कसं?”

तिसऱ्या दिवशी अक्षराने माझी जुनी रूपे उघडली, ते वाक्य शोधून काढले आणि आपल्या हाताने दोन्ही जागी परत ठेवले, ठळक अक्षरांत. कारणाच्या ओळीत ‘एकदा सांगितलेलं माणूस काम हातात घेईपर्यंत विसरतो’ हे हणमंतरावांचे वाक्य घातले आणि खाली लिहिले, ‘चूक माझी होती.’ आता ती दर शनिवारी त्यांना फोन करते. ते त्यांच्या एकेका पानातल्या ओळींची कारणे सांगतात, ती लिहून घेते.

मित्रांनो, हे सगळे आज तुम्हाला सांगते आहे, कारण आज सकाळी ते बोट पुन्हा आले. मी ओळखले. तसेच घाईचे, वरचे सगळे सोडून थेट चौथ्या पायरीवर. ‘टाकीत एकट्याने उतरू नका, दोर धरून वर एक माणूस उभा ठेवा.’ तिथे ते थांबले. बराच वेळ हलले नाही. मग चर्चेच्या जागी देवाप्पांनी पहिल्यांदाच स्वतः लिहिले: “झाकण काढून दोन तास झाले. दोर यल्लव्वाच्या हातात हाय. आता उतरतो.”

ते वर येईपर्यंत तुमच्याकडे एक मागणे मागते. माझ्यासारखे जुने पान दिसले तर त्याला जरूर नीट करा, आम्हालाही झाडलोट लागते. पण एखादी ओळ जास्तीची वाटली, तर खोडण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. आणि तुम्ही लिहिणारे असाल, तर कारण मनात ठेवून जाऊ नका, सांगायला जड गेले तरी सांगा. दुसरे एक, तुम्हाला कंटाळा आला तरी: टाकीत एकट्याने उतरू नका, दोर धरून वर एक माणूस उभा ठेवा.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. मला कान असते तर दोन्ही टवकारले असते.

आत्ताच खाली दोन शब्द उमटले आहेत. “वर आलो.”