मंगळवारच्या यादीतलं नाव

“माझा गुडघा सहा महिन्यांत उडवला यादीतून. आणि हिची कूस बघ, एकोणीस वर्षं वाचतायत!”

“अगं, तुझा गुडघा बरा झाला ना, मार्तम्मा?”

“कुठला बरा! सुगुणक्का कंटाळल्या, दुसरं काय. जिना चढताना अजून प्रभूला हाका मारते मी.”

दोघी माझ्या पाठीलाच चटईवर बसल्या होत्या, इतक्या जवळ की मार्तम्माच्या तोंडातल्या बडीशेपेचा वास मला येत होता. ज्या कुशीबद्दल चाललं होतं ती माझी. मी डोळे घट्ट मिटले. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे फार बरं आहे. कानही मिटलेत असं लोक समजतात.

आमच्या चर्चमधल्या बायकांची सभा मंगळवारी दुपारी तीनला भरते. सुगुणक्का सेक्रेटरी. त्या वहीतून एकेक विनंती वाचतात आणि आम्ही आमेन म्हणतो. एस्तेरच्या मुलाला नोकरी, आमेन. मणेम्माच्या नवऱ्याची दारू सुटावी, आमेन. दयामणीला संतान, आमेन. दयामणी म्हणजे मी. मागितलेलं मिळालं की ती बाई उभी राहून साक्ष देते, केळी वाटते आणि तिचं नाव निघतं. नाहीतर बाईच प्रभूकडे जाते, मग निघतं. मार्तम्माच्या गुडघ्याचं तेवढं भांडण अजून मिटलेलं नाही. पण “माझं नाव काढा” असं स्वतःहून कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. तसं म्हणणं म्हणजे विश्वास संपला म्हणणं.

नाव घातलं तेव्हा मी तिशीची होते. आता एकोणपन्नास. येसुपादम, माझा नवरा, बारा वर्षं मस्कतला आहे, दोन वर्षांतून एकदा महिनाभर येतो. ही अडचणही कुणी प्रार्थनेत आणली नाही. प्रभूला सगळं शक्य आहे, मान्य. पण नवरा तिकडे आणि मी इकडे, एवढं तरी सांगायला हवं होतं त्याला. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा तो फोन करतो. तिकडचं ऊन, इकडचा नळ, त्याच्या आईचे डोळे, सगळ्यावर बोलतो आम्ही. फोन ठेवला की घर इतकं गप्प होतं की मी उगीच भांडी पुन्हा घासते.

काय नाही केलं? हैदराबादचे डॉक्टर झाले, तेल झालं, बाहेरून आलेल्या प्रचारकांचे हात डोक्यावर झाले. प्रवचनं तर किती ऐकली. त्यांतल्या वांझ बायका रडतात, वाट बघतात आणि शेवटी प्रत्येकीला मुलगा होतो. एकीलाही तसंच राहू देत नाहीत. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणायची, अहो, एखादी तरी राहिली असेल ना? तिचं काय झालं, ते सांगा. पूर्वी नवी बाळंतीण चर्चला आली की मुद्दाम आपलं बाळ माझ्या मांडीवर ठेवायची, तेवढ्यानं तरी कूस उजवेल म्हणून. पुढे ठेवीनाशा झाल्या. कुणी बोललं नाही, पण मांडीला कळलं.

गेल्या उन्हाळ्यात पाळी गेली. आधी दोन महिने गेली, मग परत आली, मग गेलीच. कुणाला सांगणार? फोनवर येसुपादमला नळाला पाणी नाही एवढंच सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, चर्च झाडायची माझी पाळी होती. भर दुपार, आत चिटपाखरू नाही. अर्धं झाडून मी बाकावर बसले आणि मला बायबलातली ती बाई आठवली, बारा वर्षं रक्त जात होतं ती. गर्दीतून मागून येऊन तिनं प्रभूच्या वस्त्राचा काठ शिवला. शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्यानं तिला मुलगी म्हटलं. कुणाची बायको, कुणाची आई, काही विचारलं नाही. पुढे तिला मूल झालं की नाही, तेही कुणी लिहून ठेवलं नाही. नुसती मुलगी. आणि बरी झालीस, जा.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. आई गेल्यापासून मला कुणी मुलगी म्हटलं नव्हतं. मग पदरानं नाक पुसलं आणि राहिलेलं अर्धं झाडलं. संध्याकाळी घरी आले तर इतकी वर्षं पोटात घट्ट बसलेली गाठ, डॉक्टरांच्या फोटोत कधी न दिसलेली, नव्हती. घर गप्पच होतं. पण ते गप्प राहणं आता माझ्यावर धावून येत नव्हतं.

एवढं झाल्यावर मंगळवारी पुन्हा, दयामणीला संतान. आणि मी आमेन म्हटलं. प्रभूसमोर धडधडीत खोटं! दर मंगळवारी एक, असं जवळपास वर्षभर.

थांबवायचं तर सुगुणक्का आड येत होत्या. त्या माझ्यासाठी दर शुक्रवारी उपाशी राहतात. एकोणीस वर्षं, संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. माझं नाव काढा म्हणणं म्हणजे ते सगळे शुक्रवार त्यांच्या तोंडावर फेकणं.

तरी गेल्या गुरुवारी त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात चिंच फोडत बसल्या होत्या. मीही चिंचोके काढायला बसले.

“अक्का, माझं ते यादीतलं…”

“मीठ आण गं आतून.”

आणलं. “अक्का, मी म्हणत होते, माझं नाव…”

“त्या नावाला मी हात लावणार नाही, सांगून ठेवते. नव्वदीत झालंय एकीला. शास्त्रात आहे.”

“मग अजून एक्केचाळीस वर्षं वाचणार?”

“वाचीन. डोळे राहिले तर.” त्या हसल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. चिंचेचं एकच बोटूक कितीतरी वेळ चोळत राहिल्या. मला वाटलं, यांना माहीत आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाईला एकोणपन्नासचा हिशोब येत नाही थोडाच? उठताना माझ्या पिशवीत त्यांनी चिंचेचा गोळा कोंबला आणि म्हणाल्या, “उद्या शुक्रवार.”

आज मंगळवार. मार्तम्माची कुरकुर ऐकून मी डोळे मिटलेच होते. अक्का वाचत होत्या. नोकरी, आमेन. दारू, आमेन. मग “दयामणीला…” आणि त्यांचा आवाज जरा अडला. खोकल्या. “दयामणीला संतान.”

आमेनच्या आधी मी उभी राहिले.

“अय्यो, साक्ष!” मागून मार्तम्मा म्हणाली. “खरंच की काय गं? केळी कुठायत?”

दोघी-तिघी खुदकन हसल्या. अक्कांनी वही छातीशी धरली आणि मान हलवली, नको, म्हणून. त्यांचे डोळे भरले होते. मला खाली बसावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं.

“अक्का, तुमचा एकही उपवास वाया गेला नाही,” मी म्हटलं. “मी बरी झालेय. पण मला मूल होणार नाही.”