शहाण्णव पानांत बसवायचं

सारजाबाई बावड्याच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी बाळंतपणांच्या आठवणी तीन वह्यांत लिहून काढल्या. छापायला कोण घेणार, म्हणून स्वतःच छापायचं ठरवलं आणि अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात वह्या पिशवीत घालून एसटीनं बारामती गाठली.

भिगवण चौकाजवळ कन्हेरीच्या मेघनानं मराठी टायपिंगचं दुकान काढलं होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि दाराशी चपला काढायची पाटी. तिनं महिनाभर बसून तिन्ही वह्या टाइप केल्या. शेवटी आकडा आला ब्याण्णव पानं. छापखानेवाले म्हणाले, पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापतात, तेव्हा एकतर ऐंशी पानं करा, नाहीतर शहाण्णव. ब्याण्णव केलीत तर चार पानं कोरी जातील.

मेघना म्हणाली, त्यात काय, अक्षर जरा मोठं करू. तिनं बटण दाबलं आणि पुस्तक एकदम एकशे एक पानांचं झालं. ओळी जवळ घेतल्या तर अठ्ठ्याऐंशी. सारजाबाई खुर्ची पुढं ओढून बघायला लागल्या. एकतीस वर्षांची नोकरी डोळ्यांदेखत फुगत होती आणि ओसरत होती.

"नववा लागलेली आणि मोकळी झालेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मेघनालाही हसू आवरेना. मग बाईंनी माउस स्वतः हातात घेतला. पुस्तकाला सहा वेळा जाड केलं, सहा वेळा बारीक केलं. शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून डोकावून गेला.

हसता हसता बाईंना सुचलं, ती चार पानं कोरी कशाला ठेवायची. सरकारी रजिस्टरात बाळंतिणीच्या नावाच्या जागी बहुधा अमक्याची बायको एवढंच लिहिलेलं असायचं. पण कळा देणाऱ्या बाईला बोलतं ठेवायला त्या पहिल्यांदा तिचं नाव विचारायच्या, आणि ती नावं त्यांच्या डोक्यात पक्की होती. तीच त्या चार पानांवर घालायची, दोन रकाने करून.

दोन दिवस त्या नुसत्या डोळे मिटून सांगत होत्या. बावड्याची एक आळी संपली की दुसरी, मग वाड्या, मग वस्त्या. मेघनाची बोटं दमायची, तेव्हा चहा मागवला जायचा. तिसऱ्या दिवशी दोनशे एकोणसत्तर नावं झाली आणि मेघनानं पडद्यावर बोट ठेवलं. दोनशे अडुसष्ट नावं शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी संपत होती. सत्त्याण्णवाव्या पानावर एकटीच उरली होती, भागूबाई, मुक्काम कळस.

"एक नाव काढलं तर बसतंय, मावशी."

"एकतीस वर्षांत नाळ सोडून मी काही कापलं न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "आन ही तर मेंढरामागं चालता चालता बाळंत झालीया, बाभळीखाली. तिला पुन्हा बाहेर ठिवू व्हय?"

मग दोघी खटपटीला लागल्या. अक्षर बारीक केलं तर नावं मुंग्यांसारखी दिसायला लागली. तीन रकाने केले तर निम्मी नावं मधेच मोडली. समास कमी केला तर कापताना छापखान्याची सुरी नावांवरून जाईल, असं मेघना म्हणाली. एकीकडून दाबावं तर भागूबाई दुसरीकडून बाहेर. दर वेळी सत्त्याण्णवावं पान उघडलं की ती एकटी तिथं हजर, आणि दर वेळी दोघी नव्यानं हसायच्या. मेघनानं तर शेवटी टेबलावर डोकंच टेकलं.

सारजाबाई मात्र एकाएकी थांबल्या. त्र्याण्णवाव्या पानावर, नावांच्या डोक्यावर, त्यांनी सहा ओळी घातल्या होत्या: ही सर्व बाळंतपणं मा. वैद्यकीय अधिकारी साहेबांच्या मोलाच्या मार्गदर्शनाखाली पार पडली, वगैरे. नोकरीतल्या सवयीनं लिहून गेल्या होत्या. त्या ओळी त्यांनी दोनदा वाचल्या.

"हे साहेब कधी आले होते का तिकडं?" मेघनानं विचारलं.

बाईंनी खरं ते सांगितलं. साहेब वर्षातून दोनदा यायचे, दुपारी जेवायचे आणि उन्हं कलायच्या आत परत जायचे. "त्यांना उचल," त्या शांतपणे म्हणाल्या.

मेघनानं सहा ओळी निवडून काळ्या केल्या आणि बटण दाबलं. पडदा एकदा थरथरला. भागूबाई टुणकन शहाण्णवाव्या पानावर येऊन बसली, आणि तिच्याखाली अकरा जागा मोकळ्या राहिल्या. सारजाबाईंनी टाळी दिली ती एवढ्या जोरात, की कपातला चहा हिंदकळला. तो चहा संपायच्या आत त्यांना आणखी अकराजणी आठवल्या.

पुस्तकं आली तेव्हा प्रकाशनासाठी बावड्याच्या विहाराच्या अंगणात बाया जमल्या. कुणी पहिलं पान उघडलं नाही, सगळ्यांनी मागूनच सुरुवात केली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचं बोट धरून सारजाबाई नावावर नेऊन ठेवत होत्या. कळसहून भागूबाई मुलाच्या मोटरसायकलवर आली होती. नावावर बोट ठेवून तिनं मागंपुढं शोधलं.

"ह्यात माज्या नवऱ्याचं नाव कुठं हाय?"

"न्हाय घातलं."

भागूबाईनं जरा विचार केला. मग पदर तोंडाला लावून ती खुदखुदायला लागली, शेजारचीला तिचं हसू लागलं, तिच्या शेजारचीला तिचं. भाषणाला उभे राहिलेले पाहुणे तीनदा घसा खाकरून शेवटी खाली बसले.